दोन बंदरांच्या बदल्यात

रात्री साडेबाराला इर्शादचा प्रस्ताव आला.
पडद्यावर दोन रकाने: तुम्ही द्याल,
तुम्हाला मिळेल.
त्याच्या बाजूला दोन बंदरं, हस्तिदंत,
दर फेरीला बारा मोहरा, वीस फेऱ्या.
माझ्या बाजूला एकच नाव,
खेळाच्या पहिल्या तासात मीच बसवलेलं,
नदीच्या वळणावर:
कोल्हापूर. लोकसंख्या सात.

खिडकीखाली उद्यमनगरातली रात्रपाळी,
लेथवर कुणीतरी लोखंड सोलतंय.

मामा वडगावच्या बाजारात म्हशींचे दलाल.
रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे,
नाकावर माशी बसली तरी चेहरा हलायचा नाही.
म्हणायचे, गिऱ्हाईक मागण्याआधीच जास्त द्यायला लागलं
की समजावं,
त्याला म्हैस नकोय, दुसरंच काहीतरी हवंय.

मला ते तेव्हा आठवलं नाही.
मी बेरीज केली.
आतलं गाव, ना खाण, ना समुद्र,
तळ्यापाशी धान्याचं एक कोठार, तट अर्धवट.
एवढ्यावर दोन बंदरं?
'मान्य' दाबलं.
कर्णा वाजला. निळी सीमा
शहराला वळसा घालून मागं सरकली,
तिथं हिरवी आली.
आत एकही दार उघडलं नाही.

हौसाआत्या पाणी प्यायला उठलेली.
चष्म्याशिवायच पडद्याकडं बघत म्हणाली,
"काय इकलंस?"
"गाव."
"गावाला इचारलंस?"

तिला निपाणीला दिली.
आमच्यात असंच म्हणतात, दिली.
बाहेर बैठक चाललेली, ही आत
ढेपेचा गूळ फोडत होती.
सुपारी फुटली तो आवाज तिला ऐकू आला,
तेवढंच निमंत्रण.
चाळीस किलोमीटर.
एसटीच्या पाटीची लिपी बदलली, रेशनकार्डाची बदलली.
आता ती हिशेब कन्नडात करते, भांडण मराठीत,
आणि झोपेत बोलते ते कुठल्या भाषेत
हे सांगायला काका उरले नाहीत.

"वाईट न्हवतं रं. मान्सं चांगलीच व्हती.
पर पयल्या दिवशी भरली घागर कुठं ठेवायची
त्येबी ठावं न्हाई,
तशीच कमरंवर घिऊन हुबी ऱ्हायले."
तांब्या पालथा घालून ती झोपायला गेली.

तीन फेऱ्यांत नफा खटकायला लागला.
मी एक बंदर परत देऊ केलं. नकार.
दोन्ही दिली. नकार.
वर घोडे, मीठ, सगळ्या खिंडी खुल्या.
तराजूचा काटा लालावरून हलेना.

कानात त्याचा आवाज,
पुण्यातल्या चौदाव्या मजल्यावरचा,
मागं वॉशिंग मशीनची घरघर:
"राहू दे की भावा."
"अरे, समुद्रावरचा राजा तू,
तुला त्या गावाचा उपयोग काय?"

मशीन थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"गंगावेशीतलं घर काढलं अब्बांनी. मार्चात.
तुला सांगायचं राहूनच गेलं.
तुझ्याकडं खरं आहे की.
मला हे ठेवू दे."

मी नकाशा ओढत ओढत तिथं गेलो.
दुसऱ्याच्या शहरात आत शिरता येत नाही,
वरून दिसेल तेवढंच.
तट त्यानं पुरा केला होता.
आणि तळ्याच्या काठानं, जिथं शहाणा माणूस
बाजारपेठ बांधेल,
त्यानं कुरणं पेरली होती, सहा-सात, ओळीनं,
खेळाच्या हिशेबात शुद्ध तोटा.
त्यांवर म्हशी.
काळे ठिपके नुसते, पण हलत होते.
दहावीच्या परीक्षेआधी रात्री अकराला
गंगावेशीत उभ्यानं प्यायचो ते दूध,
फेसाची मिशी कुणाची मोठी यावर पैज.

मी मागणं मागं घेतलं.
खाली लेथ बंद पडला होता, पाळी सुटली असावी.
'फेरी संपवा' दाबलं
आणि त्याची वाट बघत बसलो.